धामणीचा पाटा

आंबागडचा उतार कोणाच्या बापाचा नव्हता, पण भोजराजचा होता. म्हणजे त्यानं तो स्वतःच स्वतःला देऊन टाकला होता आणि बाकीच्या पोट्ट्यांनी मुकाट माना हलवल्या होत्या. गडाच्या पायथ्याशी जंगल खात्याचा लाकडाचा डेपो, तिथून रस्ता जो सुटतो तो आमराईच्या कडेनं, मारुतीच्या देवळाला वळसा घालून, सरळ खाली तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत. त्र्याऐंशी साली लाकडाच्या ट्रकांसाठी त्यावर डांबर पडलं आणि गावातल्या पोट्ट्यांना वेड लागलं.

वेड बेरिंगच्या गाड्यांचं. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, पट्ट्यांच्या टोकांना चार बेरिंगा. समोरची पट्टी एका बोल्टावर फिरणारी, तिला दोरी. फळीवर बसायचं, दोरी धरायची, पाय समोर टाकायचे आणि खर्रर्र करत खाली. वेग फार झाला की टाचा घासायच्या. संध्याकाळी तो आवाज सुरू झाला की म्हाताऱ्या कानावर हात ठेवत आणि बैल कान टवकारत.

चंद्रकला नववीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा खाली बघणारी पोर होती. दहावीत काय झालं कोण जाणे. उंची वाढली, आवाज वाढला, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत एक गोष्ट झाली. तिचा बाप टिकाराम तापानं पडला आणि बांधीतल्या चिखलावर पाटा फिरवायला माणूस मिळेना. पाटा म्हणजे बैलांमागं ओढायची लांब फळी, चिखल सपाट करायची. तिच्यावर वजन लागतं म्हणून माणूस उभा राहतो. लहानपणी चंद्रकला बापापुढं त्याच्या पोटाला पाठ टेकून उभी राहायची. यंदा एकटी उभी राहिली. कासरा हातात, पाय फाकवलेले, गुडघे ढिले. धुऱ्यापाशी, शेताच्या बांधाला, बैल वळले की पाटा मागून आडवा सरकायचा, आणि तेव्हा जो माणूस ताठ राहतो तो चिखलात तोंडावर पडतो. चंद्रकला पहिल्या दिवशी चारदा पडली. नंतर तिला कळलं, पाटा सरकतो तेव्हा त्याला सरकू द्यायचं, खाली वाकायचं आणि मागच्या टाचेवर दाब द्यायचा. मग तो आपोआप थांबतो. रोवणी संपली तेव्हा तिला एकच प्रश्न पडला होता : हेच डांबरावर काहून नाही?

बेरिंगा मिळवणं सगळ्यांत कठीण होतं, ते तिनं आधी उरकलं. खाणीवर ड्रायव्हर असलेल्या मामाला सांगितलं, शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन आहे. मामानं भंगारातल्या चार बेरिंगा रॉकेलमध्ये धुऊन, पेपरात गुंडाळून आणून दिल्या आणि नंबर आला तर कळव म्हणाला.

आता फळी. इथं मात्र तिची फजिती झाली, आणि ती सगळ्या गावासमोर झाली.

पहिली फळी सागवानाची, चांगली दोन बोटं जाड. ती दगडासारखी ताठ होती. रस्त्यावरची एकूण एक गिट्टी तिच्या दातांत वाजली, आणि तिसऱ्या दिवशी खिळ्यापासून फळी उभी फाटली. दुसरी सावरीची. हलकी, उचलायला फूल, पण वजन पडल्याबरोबर मधून अशी झोळ पडली की पोट डांबराला घासलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. चंद्रकला थांबली नाही. ती पुढं गेली.

भोजराजचा बाप पुंडलिकराव आरामशीनवाला, लाकूड चिरणारा. भोजराजला फळ्यांची काय वाण. त्याची गाडी बिनगाठीच्या सागवानाची, रंधा मारलेली. सावरीची फळी पाहून तो पोट धरून हसला होता. पोट्टीनं गाडीवर बसलं तर शेवटी असंच होते, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याचं शेपूट भैय्यालाल म्हणाला की सावरीचा कापूस निघते, त्याची गादी करून घरी निज.

तिनं ऐकून घेतलं. कोपर सोललं होतं, त्यावर फुंकर मारत ती घरी आली, आणि विहिरीजवळ पाय धुताना तिचं लक्ष पायाखाली गेलं.

पायाखाली जुना पाटा होता. बापानं दोन वर्षांपूर्वी नवा केला, तेव्हापासून हा माय शकुबाईनं विहिरीपाशी टाकला होता, पाय चिखलात नको म्हणून. धामणीचं लाकूड. ज्या धामणीच्या कावडी करतात तीच. दोन घागरी टांगल्या तर वाकते, चालताना लचकते, मोडत मात्र नाही. किती पावसाळे चिखलात घासून तो पातळ झाला होता, कडा गोल झाल्या होत्या, समोरचं तोंड किंचित वर आलं होतं. आणि मधोमध, जिथं आज्यापासून सगळ्यांनी पाय ठेवले, तिथं पसरट खोलगा पडला होता. चंद्रकलानं त्यात पाय ठेवला. पाय असा बसला जसा काही मोजून केला होता.

तिनं तो छातीइतका उंच कापला. आखूड गाडी वेगात डुगडुगते हे तिनं दोन फळ्यांवर शिकून घेतलं होतं. पट्टी आणि फळीच्या मध्ये ट्रकच्या टायरचा तुकडा घातला. आता दोरीची गरज नव्हती. ज्या बाजूला अंग कललं त्या बाजूला गाडी वळायची. राहिला पाय सरकण्याचा प्रश्न. डांबरवाल्यांचा एक पिंप डेपोमागं पडलं होतं, त्याच्या तळाशी डांबर चिकटून होतं. तिनं ते डब्यात वितळवलं, पाट्यावर फासलं आणि वरून नदीची बारीक रेती पेरली. वाळल्यावर त्यावर तळहात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखं लागलं.

असली लांबलचक गाडी खांद्यावर घेऊन ती डेपोपाशी आली तेव्हा पोट्टे आधी भोवती गोळा झाले. मग भोजराज म्हणाला, "अबे, हे त तिरडी घेऊन आली."

झालं. त्या दिवसापासून गाडीचं नाव तिरडी. ती उतारावर आली की चौघं जण खांदा दिल्यासारखे मागं चालत. ती उभी राहिली की भैय्यालाल पुढं मडकं धरल्यासारखा हात करून चाले. चंद्रकला मात्र तिरडीवर उभी राहून खाली जात होती, रोज थोडी जास्त लांब. मारुतीच्या वळणावर सगळे टाचा घासत घासत मुंगीसारखे जायचे. ती वळणाआधी खाली वाकायची, पाटा आडवा मारायची, बेरिंगा किंचाळायच्या, दिवसाउजेडीसुद्धा ठिणग्या दिसायच्या, आणि धुऱ्यापाशी बैल वळावे तसा पाटा वळून सरळ व्हायचा. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा ती खाली पाळीवर एकटीच मोठ्यानं हसली. पाण्यातले बगळे उडाले.

भोजराजनं ते पाहिलं आणि त्याला ते सहन झालं नाही. चार लोक म्हणायला लागले होते, टिकारामची पोट्टी उभ्यानं जाते. त्यानं पोळ्याच्या दोन दिवस आधी सगळ्यांसमोर शर्त लावली. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान पोरांचे लाकडी बैल पाळीवर जमतात तेव्हा, डेपोपासून दोघांनी सुटायचं.

"ज्याची गाडी पयले पाळीले लागन तो जितला," तो म्हणाला. "हारणाऱ्याच्या बेरिंगा तलावात. अन् त्यानं पुन्हा उतारावर पाय ठेवाचा नाही."

चंद्रकलाला बेरिंगा दुसऱ्या मिळणार नव्हत्या. मामा प्रदर्शनाच्या निकालाची वाट पाहत होता. पण बेरिंगांपेक्षा तिला ते शेवटचं वाक्य लागलं. उतारावर पाय नाही, म्हणजे पुन्हा खाली बघून "हजर" म्हणायचं.

"मंजूर," ती म्हणाली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी झाली. घरोघर बैलांच्या खांद्यांना हळद आणि कोमट तूप चोळून, पळसाच्या पानांनी शेकून त्यांना जेवणाचं आवतन दिलं. भोजराजच्या टोळीनं तेच आपल्या गाड्यांना केलं. आरामशिनीच्या अंगणात गाड्या ओळीनं मांडल्या, सागवानावर हळद आणि तूप चोळचोळून चोळलं आणि पुंडलिकरावाच्या नोकरांनी हसत हसत आवतन दिलं, आज आवतन घ्या, परवा उताराले या. भोजराजची गाडी कंदिलाच्या उजेडात नवरीसारखी चमकत होती, असं चंद्रकलाची मैत्रीण वच्छला बघून आली आणि म्हणाली. त्यांच्या घरी तुपाची कमी नव्हती. पोळ्याच्या दिवशीही त्यानं पुन्हा एक हात फिरवला.

इकडं चंद्रकलाच्या घरी वेगळाच पोळा फुटला. शकुबाईला शर्तीचं कळलं. दहावीतली पोर, पोट्ट्यांसोबत, भर गर्दीत. तिनं पाटा उचलला आणि धान साठवायच्या ढोलीमागं कोंबून वर चार पोती रचली. बाप म्हणाला, असू दे ना, पाटा जुनाच होता. तर त्यालाही बोलणी बसली की तुमच्या तापानंच हे सारं झालं. चंद्रकला रात्रभर ढोलीकडं तोंड करून पडली होती. पोती काढायला गेली असती तर मायचं अंथरूण तिथंच होतं, मुद्दाम घातलेलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मारबत निघाली, पीडा घेऊन जाणारी बाहुली. गावची रोगराई, ढेकूण-पिसवा, सारी पीडा ओरडून ओरडून गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायची, ही दर सालची रीत. टेंभे घेऊन पोट्टे गल्लीगल्लीतून फिरत होते. खासी-खोकला घेऊन जा गे मारबत. ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत. टिकारामच्या दारासमोर येऊन आवाज थांबला. शकुबाई सडा टाकत होती. तिनं मान वर केली.

मग भोजराजचा आवाज आला, आणि मागून सगळ्यांचा :

"चंद्रीची तिरडी घेऊन जा गे मारबत!"

पोट्टे हसत पुढं गेले. पुन्हा एकदा, गल्लीच्या टोकावरून, तेच.

चंद्रकला उंबऱ्यात उभी होती. तिला वाटलं आता आपल्यालाच मार बसणार. मायच्या हातातली बादली तिरपी झाली होती आणि शेणाचं पाणी पायावर सांडत होतं ते तिला कळत नव्हतं. जिवंत पोरीचं नाव तिरडीसोबत, मारबतीच्या दिवशी, स्वतःच्या दारात. शकुबाई घरात गेली. चंद्रकलाला पोती सरकल्याचा आवाज आला, एक, मग दुसरं. माय पाटा घेऊन बाहेर आली आणि तिनं तो पोरीच्या पायाशी आदळला.

"जाय," ती म्हणाली. "अन् हारून आली त घरी येऊ नोको."

दुपारी पाळीवर अख्खं गाव होतं. चाकांचे लाकडी बैल घेऊन लहान पोरं, त्यांना खाऊ वाटणारे मोठे, फुगेवाला, आणि पाळीच्या टोकाला पदर खोचून उभी शकुबाई, जिच्याशी बोलायची कोणाची छाती नव्हती. काही हौशी लोक वर डेपोपर्यंत चढून आले होते. दोन दिवस उघडीप होती. रस्ता कोरडा खडखडीत होता.

भोजराजनं गाडी ठेवली आणि वर बसला. चंद्रकलानं तिरडी ठेवली आणि वर उभी राहिली. तेव्हा लोकांना ते दिसलं जे रोज पाहणाऱ्या पोट्ट्यांना दिसलं नव्हतं. डेपोचा म्हातारा चौकीदार विडी काढत म्हणाला, अरे, पोट्टी उभी अन् पोट्टा बुडावर? कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, पुंडलिकरावचा आहे, घरीही बसूनच खाते. हसू वाढलं.

भोजराजचे कान लाल झाले. तो उठला, दोरी सोडून फेकली आणि फळीवर उभा राहिला. अनवाणी. चंद्रकलानं त्याच्या पायांकडं पाहिलं. सागवान पिवळंजर्द चमकत होतं, आणि त्याच्या बोटांच्या फटींतून तूप वर आलं होतं.

ती सांगू शकत होती. सांगितलंही. पण कसं सांगितलं ते महत्त्वाचं आहे, कारण हे बोलताना तिला पक्कं ठाऊक होतं की हा आता मेला तरी बसणार नाही.

"भोज्या, बस. तुले नाही जमाचं. पाय सरकन तुहा."

"भेली काय वं?" तो म्हणाला.

"मी सांगतलं. सारे ऐकून राहिले."

चौकीदारानं विडी फेकली, आणि दोघं सुटले.

भोजराज दांडगा होता. त्यानं दिलेला पहिला रेटाच असा की आमराईपर्यंत तो चार हात पुढं. आणि खरं म्हणजे तो बरा उभा होता, हात पसरून, दात काढून, मागं पाहत. चंद्रकला खाली वाकली. रेती तळव्यांना चावत होती. धामण तिच्याखाली लचकत होती, गिट्टी गिळत होती, आणि कानांत वाऱ्याशिवाय काही नव्हतं. मारुतीचं देऊळ समोर आलं. तिनं टाच दाबली, पाटा आडवा मारला, बेरिंगा किंचाळल्या.

भोजराजनं बाजूला पाहिलं आणि तेच केलं. वळणाला तो वळलासुद्धा, हे कबूल केलं पाहिजे. पण सरळ होताना त्यानं टाचेवर दाब दिला आणि टाचेखाली तूप होतं. पाय पुढं निघाले, अंग मागं राहिलं. तो डांबरावर बसला, मग लोळला, मग गवतात गेला. त्याच्या पायांचा रेटा बसून गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी पुढं गेली. चंद्रकलाच्या बाजूनं, मालकाशिवाय, पिवळी, चमकती, खर्रर्र करत.

तिनं तिला गाठायचा प्रयत्न केला. नाही जमलं. रिकामी गाडी लाकडी बैलांच्या मधून निघाली, पोरं किंचाळून बाजूला झाली, रस्ता जिथं पाळीवर डावीकडं वळतो तिथं ती वळली नाही, कारण वळवायला कोणी नव्हतं. ती पाळीवर चढली, पलीकडं उडाली आणि शिंगाड्याच्या वेलांत डुबुक करून गेली. थोडे बुडबुडे आले. पाण्यावर तुपाचा एक पिवळा डाग पसरला.

चंद्रकला पाटा आडवा मारून मायच्या पुढ्यात थांबली. शकुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हाडं शाबूत आहेत याची खात्री केली आणि तोंड फिरवलं.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. आधी भैय्यालाल पळत आला, मग बाकीचे, आणि शेवटी गुडघा सोललेला, कोपर सोललेला, अंगभर कुसळं चिकटलेला भोजराज. आणि येता येताच त्यानं ओरडायला सुरुवात केली. शर्त काय होती? ज्याची गाडी आधी पाळीला लागेल. माणसाचं नावच नव्हतं शर्तीत. गाडी कोणाची लागली आधी? पोट्टे एका सुरात म्हणाले, भोजभाऊची. काढा हिच्या बेरिंगा. भैय्यालालनं पाट्याला हातही घातला. मोठी माणसं एकमेकांकडं पाहू लागली, कारण शर्त खरंच तशी होती आणि पुंडलिकराव खुर्ची टाकून तिथंच बसले होते.

क्षणभर ती जुनी चंद्रकला झाली, खाली बघणारी. खाली पाटा होता, आणि पाट्यावर भैय्यालालचा हात.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "गाडी तुहीच पयले लागली."

शकुबाई वळली.

"पण शर्तीत अजून एक होतं. हारणाऱ्याच्या बेरिंगा तलावात." तिनं पाण्याकडं बोट केलं. "सांगा मंग, तलावात कोणाच्या हायेत?"

आधी चौकीदार हसला. मग फुगेवाला, मग बायका, आणि ते हसणं पाळीवरून असं पसरत गेलं की पुंडलिकरावांनी खुर्ची उचलायला लावली आणि ते घरी निघाले. भोजराज म्हणाला, गाडी काढतो अन् दाखवतो. पण भाद्रपदात भरलेला तलाव, खाली शिंगाड्याचं जाळं. आत उतरायला एकही शेपूट तयार झालं नाही. भैय्यालालनं हात काढून घेतला.

घरी जाताना माय चार पावलं पुढं चालत होती. एवढंच म्हणाली की मुद्दा बरा काढला, आणि आता उद्यापासून शेणगोठ्याचं तू बघ, अंगात जोर फार झाला आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी चंद्रकला पाटा घेऊन उतारावर गेली. मारुतीच्या वळणावर गिट्टी पसरलेली होती, हातानं टाकलेली, नेमकी जिथं पाटा आडवा मारायचा तिथं. देवळाच्या ओट्यावर भोजराज बसला होता, गुडघ्याला हळद आणि चिंधी. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. ती घरी गेली, खराटा घेऊन आली आणि रस्ता झाडायला लागली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकही खडा न ठेवता. तो सगळा वेळ बघत होता.

"उद्या पुन्हा टाकीन," तो म्हणाला.

चंद्रकलानं खराटा काखेत मारला, पाटा खांद्यावर घेतला आणि डेपोकडं चढायला लागली.

"टाक," ती न वळता म्हणाली. "आमच्या घरी खराटे दोन हायेत."